वहीतली बेटं कॉम्प्युटरवर कशी न्यायची?

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की शाळेत असताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी एका नसलेल्या देशाचे नकाशे काढायचे, आणि त्यावर जी पत्रं यायला लागली ती अजून थांबलेली नाहीत. म्हणजे वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत घराघरात कुणीतरी बेटं काढत बसलेलं आहे आणि घरच्यांना वाटतंय पोरगं अभ्यास करतंय. बहुतेकांचं म्हणणं एकच, हाताने काढलेला काल्पनिक जगाचा नकाशा कॉम्प्युटरवर न्यायचाय, कसा नेऊ? रत्नागिरीत मी बरीच वर्षं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं, काम केलं त्यामुळे स्कॅनर आणि फॉन्ट यांच्याशी माझं भांडण जुनं आहे, म्हणून या वेळचं सदर अख्खं त्यालाच देते. पत्रं थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, मी देवगड तालुक्यातला, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. आठवीत असताना एका जगाचा नकाशा सुरू केला तो वाढत वाढत आता चार ए-फोर ड्रॉइंग पेपर झालाय, मागून चिकटपट्टीने जोडलेला. किनारा आणि डोंगर निळ्या बॉलपेनने, रस्ते लाल स्केचपेनने, जंगलं पेन्सिलीने. पट्टी पिवळी पडून तिचे डाग पुढच्या बाजूला उतरलेत, घडीच्या रेघा आहेतच. आई म्हणते ‘ह्या कागदांक वाळवी लागतली एक दिवस’. मोबाईलने फोटो काढले तर कडा वाकड्या येतात. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. एक मित्र म्हणतो एआयला फोटो दे, दुसरा म्हणतो एका क्लिकमध्ये ट्रेस होतं. नक्की काय करू?
– एक वाचक, देवगड

उत्तर: अरे, आधी ती चिकटपट्टी ओढायचा मोह आवर. मी ओढली होती. कॉलेजात असताना, अशीच पिवळी पडलेली, म्हटलं हळूच काढते आणि नवीन लावते, तर पट्टीबरोबर कागदाचा पापुद्रा सुटला आणि उत्तरेकडची अख्खी डोंगररांग पट्टीला चिकटून वर आली. माझी पट्टी पुढून होती, तुझी मागून आहे म्हणून अजून वाचलायस. आहे तशी राहू दे. नकाशा घडी उलगडून दोन स्वच्छ कागदांच्या मध्ये घाल, वर जाड पुस्तकांची चळत ठेव आणि तीनेक दिवस विसरून जा, घडी पूर्ण जात नाही पण काचेवर सपाट बसण्याइतकी नरमते. इस्त्री फिरवू नकोस, स्केचपेनची शाई आणि पट्टीचा डिंक दोन्ही तुला शिव्या देतील.

आता एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. पुढे रंग चुकला, नाव चुकलं, लॅपटॉप बसला, सगळं परत करता येतं. कागद मात्र आपल्याकडच्या दमट हवेत दर पावसाळ्याला थोडा थोडा जातोय, त्यामुळे आज जो स्कॅन होईल तो त्या कागदाचा सगळ्यात चांगला स्कॅन, पुढच्या वर्षीचा यापेक्षा वाईटच असणार. म्हणून सगळी मेहनत तिथं घाल. लोक काय करतात, फोटो काढतात पाच मिनिटांत आणि मग तो साफ करण्यात महिना घालवतात.

मोबाईलच्या फोटोत कडा वाकतात कारण जवळून काढताना लेन्स वाइड असते, आणि फोन जरा तिरका धरला गेला की चौकोन एका बाजूला निमुळता होतो. अगदीच इलाज नसेल तर लांब उभा राहून दोनपट झूमवर, ढगाळ उजेडात, पडवीत काढ, फ्लॅश बंद. पण देवगडला नाहीतर कणकवलीला झेरॉक्सचं मोठं मशीन असलेलं दुकान शोध ना. छोट्या स्कॅनरची काच ए-फोरची असते, तुझा नकाशा चार ए-फोर म्हणजे ए-टू, ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, शेजारच्या दोन्ही स्कॅनमध्ये ३ सेंटिमीटरचा भाग सारखाच येईल असं धरलं तर ए-फोरच्या काचेवर आठ-नऊ तुकडे करावे लागतील आणि मधल्या तुकड्याला कागद काचेच्या चौकटीवर चढून उचलला जातो, तिथं रेषा धूसर येते. ए-थ्रीच्या काचेवर तेच काम तीन तुकड्यांत होतं. दुकानदाराला एवढंच निक्षून सांग की काचेवर ठेवूनच करायचं, वरच्या फीडरमध्ये घालायचं नाही. तो फीडर कागद रोलरमधून ओढतो, जोडलेला कागद त्यात गेला की कुठं अडकेल आणि कसा बाहेर येईल ते देवच जाणे. मी दुकानात असताना एका गिऱ्हाइकाचा सातबारा असा निघताना पाहिलाय, अंगावर काटा येतो अजून.

६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, कर. उगाच मोठा आकडा नाही, हिशोब बघ. बॉलपेनची रेषा साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ३०० डीपीआयवर ती सहा पिक्सेलची होते, ६०० वर बाराची. सहा पिक्सेलमध्ये रेषा आहे एवढं कळतं, बारामध्ये तुझा हात कुठं थबकला, कुठं पेन घसरलं तेही दिसतं, आणि आपल्याला तेच तर वाचवायचंय. कलरमध्येच कर, ब्लॅक अँड व्हाईट नाही. ऑटो कलर, शार्पन, बॅकग्राउंड काढा असले जे काही पर्याय असतील ते सगळे बंद, नाहीतर तिन्ही तुकडे तीन रंगांचे येतात आणि जोडताना मध्ये पट्टा दिसतो. कागदामागे एक काळा कार्डपेपर ठेव. मागच्या बाजूला आठवीतली गणितं असतील तर ती पांढऱ्या झाकणामुळे पुढे दिसतात, काळ्याने दबतात. फाईल टिफ किंवा पीएनजी माग, जेपेग नको, जेपेग दर वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देतं. आणि ही मूळ फाईल उघडून तिच्यावर काम करायचं नाही, कधीच नाही, एक पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर, आणि काम करायचं ते कॉपीवर.

तुझ्या ४ जीबीचं दुखणं इथं येतं. ए-टू नकाशा ६०० डीपीआयला जवळपास १४ कोटी पिक्सेल होतो, एकेक लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांतला एक, चारशे एमबीच्या वर, लॅपटॉप हात टेकेल. तेव्हा कामाची कॉपी ३०० डीपीआयला उतरव, पिक्सेल चौथाईवर येतात, लेअर शंभरेक एमबीला बसतो, पाच-सहा लेअर ओढत नेता येतात. ६०० ची मूळ फाईल पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखी, लागेल तेव्हा काढायची.

चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर गिंप घे, फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं. तीन तुकडे तीन लेअरवर टाक आणि वरच्या लेअरचा मोड ‘डिफरन्स’ कर. आता तो लेअर ॲरो कीने सरकवत राहा, जिथं दोन्ही तुकड्यांतलं चित्र एकमेकांवर तंतोतंत बसतं तिथं काळं होतं, जिथं बसत नाही तिथं रेषेची भुतं चमकत राहतात. एक कोपरा काळा झाला की दुसरा कोपरा बघ, तो चमकत असेल तर तुकडा जरासा फिरवायला हवा, अर्धा अंश, पाव अंश. या खेळात माझी एकदा अख्खी संध्याकाळ गेली होती आणि गॅसवरचं दूध पण.

आता त्या पिवळ्या डागांचं. लोक खोडरबर घेऊन डाग पुसत बसतात, त्यात रेषाही जातात. तू असं कर, कलर्सच्या मेनूत कंपोनंट्स, त्यात डीकंपोज, आरजीबी निवड. एका चित्राची तीन करडी चित्रं मिळतात, लाल, हिरवा आणि निळा चॅनल. निळ्या चॅनलमध्ये डाग काळाकुट्ट दिसेल आणि बॉलपेन फिकं, बघून पोटात गोळा येईल, घाबरू नकोस. लाल चॅनल बघ. पिवळा-तपकिरी डाग लाल प्रकाश परत फेकतो म्हणून तिथं तो बराचसा विरून जातो, आणि निळी शाई लाल प्रकाश गिळते म्हणून तुझा किनारा आणि डोंगर गडद काळे होऊन वर येतात. सातेक वर्षांपूर्वी तू नुसतं हाताला लागलं म्हणून निळं पेन उचललंस, ते असं कामाला आलं. फक्त लाल स्केचपेनचे रस्ते या चॅनलमध्ये गायब होतील, ते हिरव्या चॅनलमध्ये सापडतात, तिथं निळी शाईही दिसते म्हणून फक्त रस्ते निवडून वेगळ्या लेअरवर घे. म्हणजे रस्ते किनाऱ्यापासून सुटे झाले, जे पुढे तसेही करायचंच होतं. पेन्सिलीची जंगलं करडी असल्याने तिन्हीकडे सारखीच दिसतात, लाल चॅनलमध्येच राहू देत. मग लेव्हल्समध्ये पांढरा बाण थोडा आत ओढ, कागद पांढरा होईपर्यंत. पेन्सिल दिसेनाशी व्हायला लागली की थांब, तिथून दोन पावलं मागे ये.

शेवटी त्या लेअरवर कलर टू अल्फा चालवून पांढरा रंग काढून टाक, उरते नुसती रेषा, पारदर्शक काचेवर काढल्यासारखी. तिच्याखाली समुद्राचा लेअर, जमिनीचा लेअर, जंगलाचा, वाट्टेल तसा रंग भर, रेषेला धक्का लागत नाही.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल. एका क्लिकचा ट्रेस इंकस्केप नावाच्या रेषा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ट्रेस बिटमॅप म्हणतात, वाईट नाही, पण डोंगराच्या बारीक तिरक्या रेघांवर तो चालवलास तर हजारो बिंदू तयार होतात आणि रेघा एकमेकींत वितळून त्यांची भाकरी होते. त्याचा उपयोग किनारा, सीमा, रस्ते यांना, आणि तिथंही मी तरी पेन टूलने हातानेच गिरवेन, कारण वेक्टर रेषा, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिताने साठवलेली रेषा, कितीही मोठी केली तरी फाटत नाही हा फायदा खरा आहे. एआयला फोटो दिलास तर देखणं काहीतरी येईल यात शंका नाही, पण ते चित्र नव्याने काढतं, त्यामुळे तुझ्या दक्षिणेच्या खाडीला तीन फाटे असले तर पाच होतील, दोन बेटं नाहीशी होतील, नावांच्या जागी देवनागरीसारखं काहीतरी गिचमिड. मग तो नकाशा कुणाचा ते तूच ठरव.

आणि एक माझ्याकडून फुकटचा सल्ला. डिजिटल केल्याचा खरा उपयोग चकचकीतपणात नाही, लेअर बंद-चालू करता येतात यात आहे. तू देवगडचा, तुला सांगायला नको की पावसाळ्यातला किनारा आणि मार्गशीर्षातला किनारा हे दोन वेगळे देश असतात. तुझ्या जगाला एक पावसाळ्याचा लेअर दे, त्यात बंदरं बंद, होड्या बंद, घाटातल्या दरडी, ओढ्यांच्या नद्या झालेल्या. एक ओहोटीचा लेअर दे, खाजणं उघडी पडलेली, बेटावर चालत जायची वाट दिसतेय, उधाणाला ती बुडते. कागदावर हे करायला चार नकाशे लागले असते.

प्रश्न: माझी नात सहावीत आहे. तिने एका जगाचा मोठा नकाशा काढला आहे, मी तो कॉम्प्युटरवर घेण्याचे ठरवले आहे (निवृत्तीनंतर हेच उद्योग). पण त्यात एक नदी एका समुद्रातून निघून डोंगर ओलांडून दुसऱ्या समुद्राला मिळते, दुसरी नदी मध्येच फुटून तीन होते, आणि समुद्राला लागूनच वाळवंट आहे. मी भूगोल शिकवत असे. दुरुस्त करावे का? मुलीचे मन मोडेल असेही वाटते.
– एक आजोबा, गुहागर

उत्तर: काका, नमस्कार. आधी स्कॅन करा, जसा आहे तसा, चुकांसकट. मग दुरुस्तीचा लेअर वेगळा, आणि त्यावर पेन नातीच्या हातात. म्हणजे मन मोडत नाही आणि तुमच्यातल्या मास्तरांनाही गप्प बसावं लागत नाही.

वाळवंटाचं म्हणाल तर नातच बरोबर आहे. चिलीतलं अटाकामा आणि आफ्रिकेतलं नामिब दोन्ही अगदी समुद्राला टेकलेली आहेत, किनाऱ्याजवळून थंड प्रवाह जातो त्यामुळे धुकं पडतं पण पाऊस पडत नाही. तिला फक्त विचारा की तुझ्या समुद्राचं पाणी थंड आहे का, हो म्हणाली की विषय संपला. फुटणाऱ्या नदीचंही अगदीच अशक्य नाही, समुद्राजवळ सपाटीला नद्या फुटतात, गोदावरी-कृष्णेचे त्रिभुज प्रदेश तुम्हीच शिकवले असणार, आणि व्हेनेझुएलात कासिक्यारे नावाचा प्रवाह आहे तो ओरिनोको नदीतून फुटून थेट ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो, १८०० साली हंबोल्ट त्यातून होडीने गेला होता. पण असं क्वचित. डोंगरात नदी फुटत नाही, डोंगरात नद्या मिळतात, झाडाच्या फांद्या खोडाकडे येतात तशा.

समुद्रातून निघून डोंगर चढणारी नदी मात्र काढून टाकायला लावा. तेही सांगायचं असेल तर पुस्तकातून सांगू नका, तिला महाबळेश्वरला घेऊन जा. तिथून सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटला लगेच समुद्रात जाते, आणि कृष्णा त्याच डोंगरावरून पूर्वेला वळते. अरबी समुद्र तिच्यापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर, पण बाई १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जातात. एका कड्याने हे ठरतं. पाण्याला जवळचं नाही, उताराचं कळतं, हे एकदा तिथं उभं राहून पाहिलं की आयुष्यभर नदी चुकीची काढणार नाही.

तिथंच पावसाचंही दाखवता येईल, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि डोंगराच्या पलीकडे माण-फलटणला पाचशेच्या आसपास. म्हणजे नकाशात डोंगररांग काढली की वारा कुठून येतो ते ठरवायचं, त्या बाजूला जंगल, मागच्या बाजूला माळ. एवढा एक नियम पाळला तरी काल्पनिक जग खरं वाटायला लागतं, रंग भरताना हिरवा कुठं आणि पिवळा कुठं हा प्रश्नच उरत नाही.

आणि तिने डोंगर कसे काढलेत? बहुतेक मुलं उलटे ‘व्ही’ काढतात, वर बर्फ. आमच्या वेळचं चित्रकलेच्या तासाचं डोंगर-सूर्य-झोपडी त्याला जबाबदार. तुमच्या मागे सह्याद्री उभा आहे तो सपाट माथ्याचा, पायऱ्या पायऱ्यांचा, कारण तो लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. आणि खाली आपले जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारं. नातीकडून असे पाच-सहा कडे, दोन-तीन सडे, एक माडाचं झाड, एक सुरूचं, एक मचवा, एवढं वेगळ्या कागदावर काळ्या पेनने काढून घ्या, स्कॅन करा, आणि गिंपमध्ये त्याचे ब्रश बनवा, मग क्लिक केलं की तिचाच डोंगर उमटतो. एकच डोंगर शंभर वेळा उमटवू नका मात्र, लगेच कळतं.

प्रश्न: ताई, मी नकाशा इंकस्केपमध्ये घेतला, छान झाला, पण नावांनी वाट लावली. समुद्राचं नाव लांब पसरवायला अक्षरांत अंतर दिलं तर शिरोरेखा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहिलं, दातांत फटी असल्यासारखं. नदीच्या वळणावर नाव वळवलं तर वेलांट्या हवेत तरंगायला लागल्या. प्रेसमध्ये फाईल दिली तर त्यांच्या कॉम्प्युटरवर भलतंच काहीतरी उघडलं. इंग्रजीत लिहून टाकू का सगळं?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर: इंग्रजीत अजिबात नको गं. ‘काळवंडीची खाडी’ हे नाव रोमन लिपीत लिहिलं की तिथं पाणीच येत नाही.

तुझा गोंधळ असा झालाय की नकाशावर नावं लिहायच्या सगळ्या युक्त्या रोमन लिपीसाठी बनलेल्या आहेत. तिकडे समुद्राचं नाव पसरवायचं तर अक्षरं लांब लांब ठेवतात, कारण तिकडे अक्षरं सुटीच असतात. आपली शिरोरेखेला टांगलेली, दोरीवरच्या कपड्यांसारखी, दोरी कापली की सगळं अंगणात. म्हणून देवनागरीत अंतर द्यायचं तर शब्दांत दे, अक्षरांत नको. ‘पश्चिम’ इकडे, ‘सागर’ पार तिकडे, हे चालतं. पसरवण्याऐवजी आकार मोठा कर आणि रंग फिका, समुद्राच्या निळ्यापेक्षा किंचित गडद, म्हणजे नाव मोठं असूनही ओरडत नाही. नदीसाठी वळण अगदी हलकं ठेव, आणि जमलं तर नाव नदीच्या सरळ टप्प्यावरच लिही, प्रत्येक नदीला कुठंतरी एक सरळ टप्पा असतोच, कोकणातल्या नदीलाही.

फॉन्ट युनिकोडच घे, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं सगळ्या कॉम्प्युटरांवर मराठीच राहतात. प्रेसमध्ये भलतंच उघडलं म्हणजे एक तर तू जुन्या पद्धतीचा फॉन्ट वापरलायस, ज्यात मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, नाहीतर तो फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. गावांच्या नावांना मुक्त चांगला, बारीक आकारातही वाचता येतो. शीर्षकाला यात्रा वन, मुंबईच्या लोकलच्या पाट्यांवरून बेतलेला आहे, बंदरांच्या नकाशाला तो का कोण जाणे फार शोभतो. जुन्या पोथीचा तोल हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात, बाकी बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि कुणाला कळत नाही पण मला कळतं. तिन्ही फुकट. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर वर्ल्ड-रेडी लेआउट असा पर्याय असायचा तो चालू कर, इंकस्केप आणि गिंपला ती गरज पडत नाही. प्रेसला द्यायच्या कॉपीत ऑब्जेक्ट टू पाथ करून नावांची चित्रं करून टाक, मग त्यांच्याकडे फॉन्ट असो नसो. कॉपीत म्हटलं हां. मी एकदा मूळ फाईलमध्येच ते करून, वर सगळे लेअर एकत्र करून, सेव्ह करून, घरी निघून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक म्हणालं एका गावाचं नाव चुकलंय. एक गाव नीट करायला अख्खा नकाशा परत लिहिला, गिऱ्हाइकाने पैसे मात्र एकाच गावाचे दिले.

खरं सांगू का, मी असते तर नावं हातानेच लिहिली असती. नकाशाची फिकी प्रिंट काढायची, वर ट्रेसिंग पेपर, बोरूने नाहीतर कट निबने नावं लिहायची, कागद स्कॅन करून वरचा लेअर म्हणून टाकायचा. हाताने शिरोरेखा हवी तेवढी लांबवता येते, समुद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवायची, मोडीत तर आधी ओळभर रेघ मारूनच लिहायला बसायचे. मोडीवरून आठवलं, तुझ्या जगातल्या जुन्या राज्याची नावं मोडीत लिहिता येतील, २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे. अर्थात वाचणारं कुणी घरात असेल तर.

प्रश्न: इंकार्नेट घेऊ की वंडरड्राफ्ट? की गिंपच बरं?
– एक वाचक, मालवण

उत्तर: ही दोन्ही नकाशे बनवायची सॉफ्टवेअरं. नवीन नकाशा पटकन हवा असेल तर दोन्ही चांगली, इंकार्नेट ब्राउझरमध्ये चालतं आणि फुकटात थोडंफार करू देतं, वंडरड्राफ्ट एकदाच पैसे भरून आपल्या मशीनवर. पण हाताने काढलेला नकाशा असताना तिथं गेलास तर त्यांचे तयार डोंगर, त्यांची तयार झाडं, सगळी थंड देशातली, आणि तुझा मालवणचा किनारा नॉर्वेसारखा दिसायला लागेल. हाताचा नकाशा आहे तर गिंप. स्टायलस असलेला टॅब घरात असेल तर क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअरही बघ, तेही फुकट आहे.

प्रश्न: आमच्या मुलाचा नकाशा तयार झाला, त्याच्या वाढदिवसाला मोठा प्रिंट करून भिंतीवर लावायचा आहे. चौकातल्या दुकानात फ्लेक्स स्वस्तात होतो. करून टाकू का?
– एक आई, चिपळूण

उत्तर: फ्लेक्स नको हो. फ्लेक्स रस्त्यापलीकडून बघायचा असतो, त्यामुळे तो कमी डीपीआयवर छापला तरी चालतो, आणि नकाशा हा नाक लावून बघायचा असतो. मुलगा आपल्या गावाचं नाव शोधायला जवळ जाईल आणि त्याला ठिपके दिसतील. मॅट कागदावर किंवा कॅनव्हासवर करा, फाईल ३०० डीपीआयची असेल तर ए-टूपर्यंत निर्धास्त, त्याच्या दुप्पट लांबी-रुंदी केलीत तर १५० पडतो, तेही भिंतीवर खपून जातं.

छापायच्या आधी नकाशाचा एक तुकडा, ज्यात समुद्र आणि जंगल दोन्ही येतील असा, ए-फोरवर छापून बघा. स्क्रीनवर समुद्र जो झळाळता निळा दिसतो तो शाईत तसा येतच नाही, मळकट होतो, आणि पोरं त्यावरून हिरमुसतात. तुकडा बघून निळा थोडा बदलायचा, परत तुकडा, दोन-तीन खेपांत जमतं.

फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, कागद काचेला चिकटता कामा नये, आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून ती भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. चिपळूणच्या जुलैमध्ये भिंतीला हात लावून बघा म्हणजे का ते कळेल. आणि मुलाचा मूळ कागद लॅमिनेट करून आणू नका, प्लास्टिकखालून परत स्कॅन करायची वेळ आली की नुसती चमक येते. दोन कार्डपेपरच्या मध्ये सपाट ठेवा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पूर येणारी गल्ली असेल तर माळ्यावर.